तीन दिवसांचं मीठ

वजनकाट्यावरून उतरता उतरता ह्यांनी विचारलं, "मालन, घरात मीठ हाय का गं?"

मी वहीत आकडा लिहीत होते. एकसष्ट. आठ महिने झाले, रोज सकाळी तोंड धुतलं की हे काट्यावर उभे राहायचे आणि मी वाकून आकडा बघायची.

"नाही," मी म्हटलं.

"खोटं बोलतीस."

"बोलतेय खोटं. मग?"

हे शाल गुंडाळून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. मार्गशीर्षातले दिवस होते. साखर कारखान्याचा हंगाम भरात आला होता आणि सगळ्या गावावर मळीचा वास पसरला होता.

माझे मिस्टर सर्जेराव तीस वर्षं त्याच कारखान्यात बॉयलरवर होते. आगीपुढं आठ तास उभं राहून घरी आले की त्यांच्या खाकी शर्टावर घामाच्या पांढऱ्या रेघा असायच्या. धुताना हाताला खरखरीत लागायच्या. तिथं कामगारांसाठी मीठ घातलेल्या पाण्याचा माठ असे. ती सवय त्यांच्याबरोबर घरी आली आणि राहिली. ताट पुढं आलं की काय वाढलंय हे बघायच्या आधी ह्यांची बोटं मिठाकडं जायची. आमटीवर चिमूट, भातावर चिमूट, भाजीवर चिमूट. कलिंगडाच्या फोडीवर तर एवढं घालायचे की लाल रंग फिका दिसायचा. जेवण संपलं की ताटात उरलेलं मीठ बोटानं टिपून तोंडात टाकायचे, मग हात धुवायचे.

लग्न झालं तेव्हा मला ते फार लागलं होतं. "आधी चव तरी बघा," मी एकदा म्हटलं होतं.

"तुझं बरोबरच असतंय," हे म्हणाले होते. "हे माझं वरचं."

मी अंगणवाडीत होते. चाळीस पोरांची खिचडी शिजवायची तर मुठीनं मीठ घालायची, घरी तीन बोटांच्या चिमटीनं. चाखून बघायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. उकळी फुटली की वासावरून कळायचं. आणि माझ्या नणंदबाई, ह्यांच्या थोरल्या बहीण हौसाक्का, त्या दर शनिवारी अळणी जेवायच्या. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. एकाच रक्ताची दोन माणसं, पण जिभा वेगळ्या.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि ह्यांना हार्ट अटॅक आला. वाचले, पण हृदय दुबळं झालं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "बाई, ह्यांच्या अंगात पाणी साठणार. पायावर सूज येईल, छातीत पाणी भरेल. गोळ्या आम्ही देतो, मीठ तुम्ही बंद करायचं. अजिबात. आणि रोज वजन करायचं. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं की थेट इकडं आणायचं." आमचा मुलगा रणजित तेव्हा शेजारी उभा होता. त्यानं पुण्याला परत जायच्या आधी वजनकाटा आणून दिला. रोज संध्याकाळी साडेसातला त्याचा फोन यायचा. पहिला प्रश्न एकच, "दादांचं वजन किती?"

चार महिने सरळ गेले. मग एका दुपारी हे हौसावन्संच्या घरी गेले. त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून. वन्संनी भावाला मीठ-मिरचीचा खरडा आणि भाकरी वाढली. भाऊ वाळत चाललाय, एक दिवस खाऊ दे, एवढंच त्यांच्या मनात आलं. तिसऱ्या दिवशी ह्यांचे पाय सुजले, पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले. रणजित आला आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात चार माणसांसमोर आत्तीला वाटेल ते बोलला. वन्संनी रडत रडत देवाची शपथ घेतली, पुन्हा माझ्या हातनं मिठाचा खडा जायचा न्हाई. ती शपथ त्यांनी पाळली, हे मला पक्कं माहीत होतं. कारण हे त्यांच्याकडून आले की कुरकुरायचे, "अक्का आता पाणी देताना पन इचार करती."

तर त्या सकाळी हे कट्ट्यावर जाऊन बसले. अकराच्या सुमारास आत आले आणि स्वयंपाकघराच्या दारात खाली बसले. भिंतीला टेकून, पाय लांब करून. मी भात टाकत होते.

"मालन, आज पिठलं कर. भाकरी कर. मीठ घालून कर."

"डॉक्टरांना विचारू का?"

"त्येला कशाला इचारतीस? खायाचं मला हाय."

मी तांदूळ धूत राहिले.

"भाताचा घास घेतला की कळंना झालंय मला," हे म्हणाले, "तोंडात भात हाय का कापूस. काल जेवताना गाल चावला. रगत आलं." गालावर बोट ठेवलं. "ते खारट लागलं. बरं वाटलं मला."

हे सांगताना त्यांच्या आवाजात काही नव्हतं. रागही नव्हता. गुरांना वैरण टाकली का, असं विचारावं तसं बोलले.

मी हात पुसले. स्टूल ओढलं, वर चढले आणि माळ्यावरचा पणत्यांचा डबा काढला. पणत्यांच्या खाली मिठाची पुडी होती.

"तितं व्हय!" हे म्हणाले आणि हसले. "मी समदी कोठी हुडकली."

मी पिठलं केलं. मीठ नेहमीचं, तीन बोटांचं. उकळी आली, वास आला, पण बरोबर झालंय का ते मला कळलं नाही. भाकरी थापल्या, कांदा फोडला. ताट वाढलं तेव्हा ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मी तिथंही चिमूटभर मीठ वाढलं. ह्यांनी चव न बघता ते पिठल्यावर घातलं.

"तूबी बस," म्हणाले.

मी बसले. मीही आठ महिने त्यांच्याबरोबर अळणीच जेवत होते. दोन स्वयंपाक करायचा कंटाळा होता, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मिठाचं खाणार तरी कशी? पहिला घास घातला आणि तोंड भाजल्यासारखं झालं. मला तो गिळवेना. मी पाणी प्यायले.

"मोडली तुझी सवय," हे म्हणाले. दोन भाकरी खाल्ल्या. खाताना बोलत होते. कारखान्यात एकदा बॉयलरची नळी फुटली, सगळे बाहेर पळाले आणि आप्पा चौगुले नावाचा गडी जेवणाचा डबा राहिला म्हणून परत आत गेला, ती गोष्ट. मी ती पन्नास वेळा ऐकली होती. गेल्या आठ महिन्यांत मात्र एकदाही नाही. जेवून हे झोपले ते चारला उठले.

मी भांडी घासली. भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. आनंदही नाही झाला. राखेनं तवा घासत होते, तो स्वच्छ निघाला, एवढंच बघितल्याचं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा एकसष्ट आणि वर थोडा होता. हे म्हणाले, "आज वांगं भरशील?" मी भरलं. दुपारी हे काठी घेऊन फिरायला गेले, वन्संकडं चहा घेऊन आले. तिसऱ्या दिवशी काटा त्रेसष्टवर गेला.

"किती?" ह्यांनी विचारलं.

"त्रेसष्ट."

"काटा खराब झाला आसंल."

मी वाकून त्यांच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. ह्यांनी तो बघितला, मी बघितला.

"जायचं का दवाखान्यात?" मी म्हटलं.

"आज आमटी कर," हे म्हणाले. "कटाची कर. मग बघू."

मी वहीत एकसष्ट लिहिलं. आमटी केली.

संध्याकाळी साडेसातला फोन वाजला. हे खुर्चीत बसले होते, माझ्याकडं बघत.

"आई, दादांचं वजन किती?"

"एकसष्ट."

"सूज?"

"नाही."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"चुलीपुढं होते. धूर झालाय." आमच्याकडं गॅस येऊन बारा वर्षं झाली होती. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवशी उजाडल्यावर ह्यांना आडवं होता येईना. बसून श्वास घेत होते, आणि श्वासाबरोबर छातीत पाणी बुडबुडल्यासारखा आवाज येत होता. शेजाऱ्यांच्या जीपमधनं कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"खाण्यात काही वेगळं आलं का? खारट, लोणचं, पापड?"

"नाही," मी म्हटलं.

"नीट आठवा."

"नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले. रणजित सकाळीच पोचला होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की हृदय फारच थकलेलं होतं, हे कधी ना कधी होणारच होतं. पण दोन दिवसांत एवढं पाणी कसं साठलं, तेही म्हणाले. रणजितनं तेवढंच धरून ठेवलं. त्यानं वही बघितली. एकसष्ट, एकसष्ट, एकसष्ट. मग शेजारच्यांना विचारलं, दादा कुठं गेले होते का. कुणीतरी म्हणालं, चार दिवसांमागं दुपारी अक्कांकडं बसले होते की.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन करून माणसं परत आली. अंगणात सतरंजी अंथरली होती. बायका आत होत्या, वन्सं माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. रणजित दारात आला. डोक्याचा गोटा केलेला, डोळे लाल.

"आत्ती, त्या दिवशी दादांना काय दिलंत तुम्ही?"

वन्संनी वर बघितलं. "चा दिला रं. कोरा चा."

"आणि?"

"आणि काय न्हाई."

"मागच्या वेळीही आधी काय न्हाई, काय न्हाई म्हणत होतात. मग खरडा निघाला."

"रणजित, मी शपथ घेतलीया. माझ्या पोरांची आण—"

"पोरांना मधे आणू नका. माझा बाप मारलात तुम्ही."

आतली एक बाई "असं बोलू नये" म्हणाली. वन्सं रडल्या नाहीत. त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. फार जवळून बघितलं, आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो होतो.

"मालन," त्या म्हणाल्या, "तू सांग ह्येला."

मला त्यांचा चेहरा दिसत होता. नाकातली चमकी दिसत होती. त्या काय विचारताहेत हे कळत होतं आणि काय बोलायचं तेही कळत होतं. शब्द तोंडात तयार होते. पण माझ्या तोंडाला कसलीच चव नव्हती, ओठ माझे नसल्यासारखे झाले होते. मी पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली.

वन्सं भिंतीला हात लावून उठल्या, लुगडं झटकलं आणि रणजितच्या शेजारून दाराबाहेर गेल्या. दहाव्याला आल्या नाहीत, तेराव्याला आल्या नाहीत. रणजितनं सांगितलंच होतं, त्यांना बोलवायचं नाही.

मग नऊ वर्षं गेली. गाव तेच. पिठाच्या गिरणीत आम्ही समोरासमोर यायचो. मारुतीच्या देवळात यायचो. त्या माझ्याकडं बघायच्या आणि पुढं जायच्या. त्यांच्या नातीचं लग्न झालं, मंडप माझ्या दारातून दिसत होता. रणजितला दोन मुलं झाली, ती सुट्टीला यायची आणि त्या गल्लीतून जायची नाहीत. गावात लोक म्हणायचे, बहिणीनं मायेपोटी दिलं पण भाऊ गेला. मी ते ऐकायची. पाणी भरायची, जेवायची, झोपायची. कुणी विचारलं, कशा आहात बाई, तर बरी आहे म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. मला काही होतच नव्हतं.

मग एकदा चक्कर आली म्हणून मी गावातल्या नव्या डॉक्टरकडं गेले. कोवळा मुलगा होता. हाताला पट्टा बांधला, फुगवला, काहीतरी लिहिलं.

"आजी, बीपी वाढलंय. मीठ जरा कमी करायचं. घरात कोण असतं तुमच्या? कोण बघणार?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मीच."

"मग स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवा," तो हसून म्हणाला.

दवाखान्यातून परत येताना मी माझ्या गल्लीत वळले नाही. सरळ पुढं गेले. वन्सं अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. आता पाठ वाकली होती, कमरेत दुमडल्या होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला नाही.

"ये," म्हणाल्या. "बस."

मी बसले. सुपातल्या चार शेंगा उचलल्या, पण फोडल्या नाहीत.

"वन्सं, मी दिलं होतं त्यांना. तीन दिवस. मीच दिलं."

"मला ठावं हाय."

शेंग फुटल्याचा आवाज झाला.

"तो आला हुता माझ्याकडं. चा पीत हितंच बसला हुता. म्हणाला, अक्का, मालननं काल पिठलं केलं, मीठ घालून. लई बरं वाटलं म्हणाला. आज वांगं केलंया म्हणाला. मी म्हणलं, आरं मुडद्या, मरशील. तर हसला." वन्संनी दाणे बाजूला सारले. "मी उठून तुझ्याकडं येणार हुते, तुला झाडायला. न्हाई आले. त्येचं त्वांड बघितलं आणि न्हाई आले. माझीबी चूक हायच की."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत? सगळ्यांसमोर सांगायचं."

"तुझं तू सांगायचं हुतं. म्हणून तर तुला म्हणलं, तू सांग." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मी सांगितलं आसतं तर तुझा ल्योक गेला आसता. माझी चार पोरं हायत. पन मला वाटलं हुतं, म्हैन्यात येशील. दिवाळीला येशील. नऊ वरसं झाली, मालन. गिरणीत पीठ दळताना लोक माझ्याकडं बघत्यात."

मी हातातल्या शेंगा परत सुपात टाकल्या.

"का दिलंस?" त्यांनी विचारलं. "येवढं सांग. त्येची दया आली?"

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी दया म्हणणार होते. तो शब्द चांगला होता.

"नाही," मी म्हटलं. "मी थकले होते, वन्सं. रोज त्यांच्या तोंडापुढं ते अळणी ताट ठेवून थकले होते. तिसऱ्या दिवशी पाय दाबला तेव्हा खळगा पडला. तेव्हाच न्यायचं होतं. मला सगळं कळत होतं. मी आमटी केली."

वन्संनी मान हलवली. समजलं म्हणून, की बरं म्हणून, ते सांगता येणार नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले.

"फोन हाय न्हवं तुझ्याजवळ? लाव त्येला."

"आत्ता?"

"माझ्यासमोर लाव."

मी लावला. रणजित ऑफिसात होता, मागं माणसांचा आवाज येत होता. मी एका दमात सांगितलं. पिठलं, वांगं, आमटी, वहीतला आकडा, फोनवरचा आकडा, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. आत्तीनं कोऱ्या चहाशिवाय काही दिलं नाही, हे दोनदा सांगितलं. मागचे आवाज कमी होत गेले, तो कुठंतरी बाहेर गेला असावा.

"तू कुठं आहेस?"

"आत्तीकडं."

"त्यांना दे."

मी फोन वन्संच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला, मी सरळ करून दिला. पलीकडून तो बोलत होता, मला शब्द ऐकू येत नव्हते. वन्सं नुसतं "हां" म्हणत राहिल्या. "हां. हां. बरं." मग त्यांचा आवाज फाटला. "ते जाऊ दे आता. तुझी पोरं केवढी झाली रं? धाकटं चालतंय का?"

धाकटा तेव्हा दुसरीत होता.

फोन परत माझ्याकडं आला तेव्हा बंद झाला होता.

त्यानंतर पंधरा दिवस त्याचा फोन आला नाही. सोळाव्या दिवशी गाडी घेऊन आला, एकटाच. आधी आत्तीकडं गेला. तिथं दोन तास होता, जेवला, हे मला नंतर कळलं. आत्तीच्या पायावर डोकं ठेवलं म्हणे, त्यांनी उठवलं तरी उठेना. मग माझ्याकडं आला. त्यानं चपला काढल्या नाहीत, दारातल्या खुर्चीवर बसला. मी पाणी दिलं, ते हातात धरून राहिला. केस कानाजवळ पांढरे झालेले मी तेव्हाच बघितले. मला वाटलं, आता बोलेल. बापासाठी बोलेल, आत्तीच्या नऊ वर्षांसाठी बोलेल. मी तयार होऊन बसले होते. बोलला असता तर बरं झालं असतं.

"आई," तो म्हणाला, "ते तीन दिवस दादा काय बोलायचे गं जेवताना?"

मी त्याला आप्पा चौगुल्याच्या डब्याची गोष्ट सांगितली. नळी फुटल्यापासून, जशी हे सांगायचे तशी. तो खाली बघून ऐकत होता. डबा घेऊन आप्पा धुरातून बाहेर आला आणि उघडून बघतो तर आत नुसती कोरडी भाकरी, इथपर्यंत आले आणि रणजितनं पाणी खाली ठेवून तोंड फिरवलं. मी गोष्ट थांबवली नाही. शेवटपर्यंत सांगितली.